अधू हाताचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनी भाषणाला उभ्या राहणाऱ्या पाहुणीने मंडळाची स्तुती करावी, उपदेशाच्या चार गोष्टी सांगाव्यात आणि हळदीकुंकवाला वाट मोकळी करून द्यावी, असा प्रघात आहे. तुमच्या चिटणीसबाईंनी मात्र मला एक नेमका प्रश्न लिहून पाठवला. "आमच्या कित्येक सभासदांच्या घरी अर्धांगाचे रोगी आहेत. हाताला व्यायाम देणारे यंत्र आता शहरांत मिळते, असे ऐकतो. एकीच्या घरी त्यासाठी दुभती गाय विकायचे चालले आहे. विकावी की नाही, ते सांगा." असा प्रश्न विचारणारे मंडळ स्तुतीला पात्र आहे, एवढे बोलून स्तुतीचा भाग मी आटोपते आणि गाईकडे वळते.

मी व्यायामोपचार करणारी बाई आहे. ज्याला आपण सगळे फिजिओथेरपी म्हणतो, तोच माझा व्यवसाय. शिरूरहून न्हावरे, तिथून भीमेचा पूल ओलांडून पारगाव, केडगाव, चौफुला आणि पुढे दौंड, हा माझा नेहमीचा रस्ता. या रस्त्यावरच्या अनेक घरांत एक खाट ओसरीवर असते, आणि खाटेवरच्या माणसाचा एक हात मांडीवर निपचित ठेवलेला असतो. घरातली माणसे त्या हाताला "मेला" म्हणतात. माझे पहिले सांगणे हे की तो हात मेलेला नसतो.

अर्धांगवायू हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग जायबंदी होतो. आपल्या शेताच्या भाषेत सांगायचे तर शेत नापीक झालेले नसते, वरचा पाट फुटलेला असतो. हे घडताना तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे आणि जीभ जड होणे ही खूण दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. पारव्याचे रक्त चोळण्यात ते साडेचार तास गेले, तर परत मिळत नाहीत.

हा आजार शहरातल्या श्रीमंतांचा, असा एक समज आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची नोंद ठेवली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा असे दिसले की त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण अर्धांगवायू हेच होते. दर १०० मृत्यूंपैकी सुमारे १४ त्याने झाले होते. जे वाचतात, त्यांच्यातल्या कित्येकांचा हात अधू राहतो.

पाट फुटला तरी पाण्याला दुसरी चारी पडू शकते. मेंदूचेही तसेच आहे. शेजारचे भाग हळूहळू गेलेले काम शिकतात. पण नवी चारी एकदा पाणी सोडून पडत नाही, पुन्हा पुन्हा सोडावे लागते. हाताने तीच हालचाल शेकडो वेळा करायचा प्रयत्न केला पाहिजे, आणि तो रोग्याने स्वतः केला पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत हा गुण सर्वांत अधिक येतो. पुढेही येतो, पण मंद गतीने. आता गंमत पाहा. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी उपचाराच्या खोलीत बसून रोग्याच्या हातून कामाच्या हालचाली किती वेळा होतात, ते चक्क मोजले. एका बैठकीत सरासरी ३२ वेळा होत होत्या! जिथे शेकड्यांची गरज, तिथे बत्तीस. उपचार करणाऱ्यांचा त्यात आळस नव्हता. माणसाचे हात थकतात, वेळ संपतो, पुढचा रोगी दारात उभा असतो.

यंत्राची कल्पना नेमकी येथे येते. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी असे एक यंत्र घडवले आणि १९९४ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयात रोग्यांना त्यावर बसवायला आरंभ झाला. त्याचे नाव 'मॅनस'. लॅटिन भाषेत मॅनस म्हणजे हात. यंत्रमानव म्हटले की चित्रपटातला लोखंडी राक्षस डोळ्यांपुढे येतो. हे तसे काही नाही. रोगी मेजाशी बसतो, त्याचा हात यंत्राच्या दांड्याला पट्ट्याने बांधतात, समोरच्या पडद्यावर एक ठिपका दिसतो आणि हात त्या ठिपक्यापर्यंत न्यायचा असतो.

तुमच्यापैकी ज्यांनी दोघींनी मिळून जाते ओढले आहे, त्यांना या यंत्राचे मर्म समजवावे लागणार नाही. खुंट्यावर दोघींचे हात असतात. एक दमली तर दुसरी थोडा अधिक जोर लावते, पहिलीला जोर आला की दुसरी सैल सोडते. चांगले यंत्र असेच वागते. रोगी हात पुढे नेऊ लागला तर ते वाटेतून बाजूला होते, अडला तर तेवढ्यापुरता हात लावते. आणि जात्यावर बसलेली सखी नुसताच हात ठेवून गप्पा मारू लागली तर तिची ताकद वाढत नाही, तसेच येथेही आहे. रोग्याने प्रयत्नच केला नाही आणि यंत्राने हात फिरवला, तर ती नुसती फेरी झाली. प्रयत्न होत असला तर मात्र यंत्र न थकता एका बैठकीत शेकडो फेऱ्या करवून घेते.

त्याचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ते मोजते. हात कुठून निघाला, किती दूर गेला, वाटेत किती वेळा अडखळला, याची नोंद ते एका सेकंदात कित्येक वेळा घेते. अर्धांगातून उठलेला हात एका ओघात पुढे जात नाही, तुकड्यातुकड्याने जातो. नवशिकी मुलगी रांगोळीची रेघ ओढते तेव्हा रेघ कशी थांबतथांबत, गाठी पडत जाते, आणि सरावलेल्या हाताची रेघ कशी अखंड येते, ते आठवा. हात सुधारू लागला की ते तुकडे एकमेकांत मिसळून रेघ सलग होऊ लागते. हा सलगपणा आकड्यांत कसा मांडावा, यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शिवकुमार बालसुब्रमण्यन यांनी परदेशी सहकाऱ्यांसह महत्त्वाचे काम केले आहे. त्याच कॉलेजने मद्रासच्या आय.आय.टी.बरोबर 'प्लूटो' नावाचे एक छोटे, मेजावर मावणारे यंत्र तयार केले. एकाच मोटरला निरनिराळ्या मुठी लावून त्यावर मनगट, पंजा आणि बोटे यांचा व्यायाम करता येतो. अशी यंत्रे आपल्याकडे होऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे.

यंत्र नसतानाही मोजता येते, हे मात्र विसरू नये. स्वीडनमध्ये फुग्ल-मायर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली एक परीक्षा सांगितली, ती आजही जगभर चालते. हाताच्या ३३ गोष्टी पाहायच्या. जमली नाही तर शून्य, अर्धवट जमली तर एक, पूर्ण जमली तर दोन. एकूण गुण ६६. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखेच आहे, आणि याला जाणता डोळा व एक पेन्सिल पुरते.

आता गाईचा प्रश्न. यंत्राने हात खरोखर बरा होतो का? याचा मोठा निवाडा इंग्लंड-स्कॉटलंडकडे झाला. ७७० रोगी घेतले. काहींना 'मॅनस'वर बसवले, काहींना तितकाच वेळ माणसांकडून हाताचा कसून व्यायाम दिला, काहींना नेहमीचे उपचार दिले. व्यायाम आठवड्यातून तीनदा, दर वेळी पाऊण तास, बारा आठवडे. निकाल २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. यंत्रावर बसलेल्यांची हालचाल फुग्ल-मायर परीक्षेत थोडी सुधारलेली दिसली. पण वस्तू उचलणे, धरणे, नित्याची कामे करणे यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस फळ आले नाही. त्याआधी २०१० साली अमेरिकेत १२७ माजी सैनिकांवर प्रयोग झाला होता. त्यातही यंत्राने दिलेला व्यायाम आणि तितक्याच तीव्रतेने माणसाने करवून घेतलेला व्यायाम यांत बारा आठवड्यांनी फरक दिसला नाही. दुसऱ्या बाजूने, २०१८ साली ४५ लहानमोठ्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात यंत्राचा काही लाभ दिसतो असे म्हटले आहे. सारांश असा की यंत्र थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. गुण आहे तो पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नाचा. यंत्र हे त्याचे एक साधन.

मग सगळा भार घरच्यांवर टाकावा का? तेही इतके सोपे नाही. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतील १२५० रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करवून घ्यायचा, अशी योजना होती. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी रोग्यांच्या परावलंबनात फरक पडलेला नव्हता. घरचे माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी कोण, ते तुम्ही जाणताच. सून, बायको नाहीतर मुलगी. आधीच तिच्या डोक्यावर चूल, गोठा आणि शेत. तिला एक कागद देऊन "आता तूच कर" म्हटल्याने हात चालू लागत नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावते.

एक अनुभव सांगते. शिरूरकडचे एक ऊस बागायतदार मोठ्या शहरात तीन महिने यंत्रावर बसले. खोली भाड्याने घेतली, पत्नी बरोबर राहिली. परतताना छापील कागद मिळाला, त्यावर आकडे चढते होते. ते आकडे खोटे नव्हते, हात खरोखरच मेजावर लांबवर जाऊ लागला होता. पण घरी सदऱ्याची गुंडी पूर्वीप्रमाणे काकीच लावत होत्या आणि तो हात दिवसभर मांडीवरच असायचा. हालचाल परत येणे आणि हात कामाला येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मोजाव्या लागतात. आम्ही मग पडद्यावरच्या ठिपक्याऐवजी गुंडीच धरली. आधी मोठी गुंडी, मैलखोरा सदरा, आणि काकींनी समोर बसायचे पण हात लावायचा नाही. काकींना तेच सर्वांत कठीण गेले!

दुसरा अनुभव भीमेपलीकडचा. एका आत्याबाईंचा डावा हात गेला. घरचे म्हणाले, "उजवा शाबूत आहे ना? डाव्याचे एवढे काय अडते?" पुरुषाचा हात गेला तर गाय विकायची चर्चा होते. बाईचा डावा हात गेला तर, ती एका हाताने झाडू मारू लागली की, "बरी झाली" असे म्हणून विषय मिटतो. भगिनींनो, पदर खोचायला, वेणी घालायला, भाकरी थापायला, नातवंडाला उचलायला किती हात लागतात? या बाईंना मी एक वही आणून दिली. पहिल्या आठवड्यात त्या एका मिनिटात तीन लिंबे एका टोपलीतून दुसरीत टाकू शकल्या. घरात कोणालाच फरक दिसत नव्हता, कारण रोज पाहणाऱ्याला मूल वाढलेले दिसत नाही. दहाव्या आठवड्यात वहीत नऊचा आकडा पडला, तेव्हा त्यांच्या मुलाने ती वही स्वतःच्या हातात घेऊन पाने मागे-पुढे चाळली. त्या दिवसापासून डाव्या हाताला घरात मान मिळाला. भाकरी त्यांना अजून थापता येत नाही. परात हलू नये म्हणून धरून ठेवायला तो हात येतो, आणि सून म्हणते की तेवढ्यानेही कणीक लवकर मळून होते.

ही वही कशी ठेवावी, ते आता सांगते. आठवड्यातून एकच दिवस ठरवावा, वेळही एकच. रोज मोजू नये. एखादा दिवस वाईट जातो आणि मन खट्टू होते. रोग्याला पाठीच्या खुर्चीत बसवावे आणि छातीवरून एक पंचा घेऊन पाठीशी सैलसर बांधावा, श्वासाला त्रास होता कामा नये. पंचा अशासाठी की हात पुढे जात नसला की माणूस नकळत कंबरेतून वाकतो, आणि आपल्याला वाटते हातच लांब गेला. मग तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, मेजावर हात सरकवत किती लांब जातो, ते शिवणाच्या टेपने मोजून. दुसरी, एका मिनिटात किती वस्तू इकडून तिकडे जातात. आरंभी लिंबे घ्यावीत, ती साधली की सागरगोटे आणि शेवटी चिंचोके. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे त्या दिवशी तो हात खऱ्या कामाला किती वेळा लागला. तांब्या धरला, दाराची कडी काढली, देवापुढे दोन्ही हात जोडले, हेही लिहावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. अधू हाताला धरून रोग्याला कधी ओढून उठवू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा खाली सरकतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. उठवताना कमरेला आधार द्यावा. आणि व्यायामाने दुखू लागले, हात सुजला, तर हट्टाने पुढे न जाता जाणत्याला दाखवावे. तेल-मालिश करायला माझी हरकत नाही, पण मालिश करणाऱ्याचा हात सुधारतो, रोग्याचा प्रयत्नाने सुधारतो, हे लक्षात असू द्या.

तेव्हा चिटणीसबाई, गाईचे उत्तर असे. आज विकू नका. आधी बारा आठवडे वही ठेवा, आणि महिन्यातून निदान एकदा जाणत्या व्यायामोपचारकाला ती वही व तो हात दाखवा. त्यानंतरही यंत्राचा विचार असेल तर तेथे जाऊन चार प्रश्न विचारा. यंत्राशेजारी माणूस किती वेळ बसणार? एका बैठकीत आमचा रोगी स्वतः किती वेळा प्रयत्न करणार? आरंभी आणि शेवटी हात कोणत्या परीक्षेने मोजणार? आणि घरातल्या कोणत्या कामासाठी हा खटाटोप आहे? चारही उत्तरे सरळ मिळाली, जाण्यायेण्याची सोय झाली आणि खर्च झेपणारा असला तर अवश्य जावे. उत्तरादाखल नुसते यंत्राचे चकचकीत छायाचित्र पुढे केले, तर गाय गोठ्यातच बरी. दूध रोग्यालाही लागते.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. मोजण्याचे काम डॉक्टरांचे, आपल्यासारख्या बायकांना ते कसे जमणार, असे कोणी म्हणेल. तिला शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक दाखवा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात तेथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच माणसांना आरोग्याची कामे शिकवली. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथेच २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद होऊ लागली. गावाचे आरोग्य सुधारायचे तर आधी ते मोजावे लागते, ही शिकवण आपल्याच मातीतली आहे. मंडळाने तिला एका हाताची जोड द्यावी.

खर्च काय? एक वही, एक टेप, एक पंचा, लिंबे नि चिंचोके. प्रत्येक वाडीतल्या दोघी सभासदांनी एकेक घर वाटून घ्यावे. आठवड्यातून एकदा जाऊन आकडा लिहावा, आणि त्या पंधरा मिनिटांत त्या घरच्या सुनेला जरा टेकू द्यावे. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर मला भाषणाला बोलावू नका. त्या वह्या आणा, आपण सगळ्या मिळून वाचू. ज्या वहीत आकडा वाढला नसेल, तीही आणा. त्या घराला आपली अधिक गरज असेल.